गुरुजींवाचून इंग्रजी : ‘दर्पण’, आनंदीबाई आणि तर्खडकर

बहरीनमधल्या मराठी घरात मुलाचे बारावीचे वर्ष सुरू झाले की जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा उरत नाही. आयईएल्टीएसची पुस्तके, टोफेलची पुस्तके, सरावाचे पेपर असा सगळा पसारा. घरातल्या आजीला याचे नवल वाटते. नातू बालवाडीपासून इंग्रजीत बोलतोय, स्वप्नेही बहुधा इंग्रजीतच बघत असेल, मग त्याला इंग्रजीची परीक्षा कशाला? आजीचा प्रश्न चुकीचा नाही. परंतु खरी गंमत पुढेच असते. मूल कॅनडाला, इंग्लंडला किंवा ऑस्ट्रेलियाला जाते, पहिल्या सत्रात एक निबंध लिहिते आणि तो शेरा घेऊन परत येतो. व्याकरण ठीक, स्पेलिंग ठीक, पण प्राध्यापकांनी समासात लिहिलेले असते की हे तुमचे मत झाले, याला आधार काय, आणि याविरुद्ध कोणी काही म्हटले आहे की नाही?

बोलायचे इंग्रजी आणि विद्यापीठात लिहायचे इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळते. दुसरी गोष्ट वर्गात फारशी शिकवली जात नाही, ती ज्याची त्याने मिळवायची असते. हा प्रश्न आजचा वाटतो खरा, पण मराठी माणसाने तो पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ सोडवत आणला आहे, आणि तोही बहुतेक वेळा गुरुजींवाचून. त्याची साधने कोणती होती, ती कोणी तयार केली, आणि त्यांचा आपल्या या बेटाशी काय संबंध, ते या लेखात पाहू.

सुरुवात करावी लागते ती ६ जानेवारी १८३२ या दिवसापासून. त्या दिवशी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून आपण ते ओळखतो आणि महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो. पण ‘दर्पण’चे पान कसे होते, हे फारसे कोणी सांगत नाही. पानाचे दोन उभे रकाने असत, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात तोच मजकूर मराठीत! एतद्देशीय लोकांमध्ये इंग्रजी विद्येचा अभ्यास वाढावा, हा या पत्राचा जाहीर हेतू होता. म्हणजे आपले पहिले वृत्तपत्र हे एका अर्थी आपले पहिले स्वयंअध्ययनाचे साधनसुद्धा होते. एक रकाना झाकायचा, दुसरा वाचायचा, मनात भाषांतर करायचे आणि मग हात काढून ताडून पाहायचे. त्या काळी किती जणांनी प्रत्यक्ष असे केले असेल ते सोडा, पण पान मांडणाऱ्याच्या डोक्यात विद्यार्थी होता, एवढे त्या मांडणीवरून स्पष्ट दिसते. बाळशास्त्री तेव्हा वीस वर्षांचे होते. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावचा हा मुलगा पुढे एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापकी करू लागला. १८४० साली ‘दर्पण’ बंद पडले आणि १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, बाळशास्त्री गेले.

त्याच सुमारास कोशही तयार होत होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. हा कोश साहेबांना मराठी यावे म्हणून केलेला. आपल्या विद्यार्थ्याला हवा होता तो उलट बाजूचा, इंग्रजीतून मराठीत येणारा. तो मोल्सवर्थने सुरू केला आणि मेजर थॉमस कँडीने पुरा केला, १८४७ साली. जाता जाता सांगायचे तर मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह वगैरे रुजवण्याचे श्रेयही याच कँडीसाहेबांना देतात. या लेखात जागोजाग जी उद्गारचिन्हे दिसतील त्यांचा दोष माझा, पण पुरवठा त्यांचा!

आता एवढी साधने हाताशी आल्यावर आपल्या लोकांनी इंग्रजीचे केले काय? सरकारी कचेरीत कारकुनी मिळवली, हे खरेच. पण तेवढेच नव्हे. १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘ए हिंदू’ या टोपणनावाने आठ पत्रे प्रसिद्ध झाली. लेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर, वय पंचवीस. इंग्रजी राज्यामुळे हिंदुस्थानचे कल्याण झाले, या साहेबांच्या लाडक्या समजुतीवर त्यांनी त्यात सडकून टीका केली आणि या देशाची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते ते मांडले. दादाभाई नौरोजींचे नाव ज्या विचाराशी जोडले जाते त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मला या पत्रांचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. भास्कर पांडुरंगांनी केवळ शुद्ध इंग्रजी लिहिले नाही, तर प्रतिपक्षाचे म्हणणे घेऊन, त्याच्याच इतिहासातले दाखले देऊन ते खोडून काढले. निबंध परत करणारे आजचे प्राध्यापक जे मागतात ते नेमके हेच.

हे तर्खडकरांचे घर विलक्षण होते. थोरले दादोबा पांडुरंग, १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिणारे. मधले हे भास्कर. धाकटे डॉ. आत्माराम पांडुरंग, १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. याच आत्मारामपंतांच्या मुंबईच्या घरी १८७८ साली एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा मुक्कामाला आला. विलायतेला जायचे होते, इंग्रजी बोलण्याचा आणि तिकडच्या रीतीरिवाजांचा सराव हवा होता. त्याला तो सराव दिला आत्मारामपंतांच्या विलायतेहून परतलेल्या मुलीने, अन्नपूर्णेने. मुलाचे नाव रवींद्रनाथ टागोर! परदेशी विद्यार्थ्यांना सत्र सुरू होण्याआधी जो भाषेचा वर्ग हल्ली विद्यापीठे पैसे घेऊन देतात, तो रवींद्रनाथांनी एका मराठी घरात केला होता.

पण मुलींना हे सगळे इतके सोपे कुठले? सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिल्या, त्या काही हौसेपोटी नव्हेत. रमाबाई रानड्यांना घरच्या बायकांचा विरोध सोसत इंग्रजी शिकावे लागले, ते त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आणि आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंची कथा आपल्याला पाठ असते. नाटक पाहिलेले असते, चित्रपट पाहिलेला असतो. १८६५ सालचा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले आणि थोड्याच दिवसांत गेलेले मूल, पोस्टात नोकरी करणारे हट्टी गोपाळराव. अभ्यास सोडून चुलीजवळ दिसली म्हणून बायकोला मारणारा हा नवरा. त्याचे कौतुक किती करायचे आणि राग किती करायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. मला इथे एवढेच पाहायचे आहे की ही मुलगी अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याइतके इंग्रजी शिकली कशी.

शाळा तिला फारशी लाभली नाही. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा प्रवास. सलग शिकवणारे कोणी असलेच तर ते स्वतः गोपाळराव. १८७८ साली त्यांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर या बाईंनी ते १८८० साली दंतवैद्याच्या दवाखान्यात ताटकळत बसल्या असताना वाचले आणि त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढची तीन वर्षे ही पत्रे चालू होती. आनंदीबाई त्यांत आपले सण, रीती, लग्ने, आजार, धर्म यांविषयी लिहीत आणि तिकडचे विचारीत.

या पत्रांकडे आपण मैत्रीची पत्रे म्हणून पाहतो. मी त्यांच्याकडे अभ्यासाच्या वह्या म्हणूनही पाहतो. ज्याला आपल्याकडचे काहीच ठाऊक नाही अशा माणसाला, त्याच्या भाषेत, एकेक गोष्ट मुळापासून समजावून सांगायची. पाने भरभरून लिहायचे, महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहायची आणि उत्तर आले की त्यातली वळणे उचलायची. कुठल्या कोर्समध्ये असा सराव मिळेल?

त्याचे फळ दिसले २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात. वयाची अठरा वर्षेही पुरी न झालेल्या आनंदीबाईंनी तिथे इंग्रजीत जाहीर भाषण केले. विषय होता, मी अमेरिकेला का जाते. भाषणाची बांधणी पाहण्यासारखी आहे. लोक जे प्रश्न विचारीत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे ठेवले. अमेरिकेला का जाते, हिंदुस्थानात शिकायची सोय नाही काय, एकटी का जाते, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय, काही संकट ओढवले तर काय करशील, आणि आजवर कोणा बाईने केले नाही ते तू का करावे? मग एकेकाला उत्तर. प्रतिपक्ष आधी मांडून मग त्याला उत्तर देण्याची रीत आपल्या शास्त्रीपंडितांना नवी नव्हती, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही नावेच आपली आहेत. आनंदीबाईंनी ती इंग्रजीत उभी केली.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तिथला १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. आपापल्या देशाच्या पोशाखात तीन विद्यार्थिनी. नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसहून आलेल्या साबात इस्लामबुली. मराठी, जपानी आणि अरबी मुलुखातल्या तिघी एकाच महाविद्यालयात इंग्रजीतून शरीरशास्त्र घोकत होत्या. ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’ हा शब्द तेव्हा रूढ नसेल, पण विद्यार्थी होते. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. जे ज्ञान आपल्या ग्रंथांत होते ते त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या पद्धतीने मांडले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्या पुण्यात गेल्या, तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाईंना मिसेस कार्पेंटर भेटल्या. ज्यांना कोणी भेटले नाही त्यांच्यासाठी होती ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना किंवा त्यांच्या वडिलांना हे नाव सांगायला नको. तीन भाग. प्रत्येक धड्यात आधी नियम, तोही मराठीत. मग शब्द आणि त्यांचे अर्थ. मग वाक्ये, काही इंग्रजीतून मराठीत आणायची आणि काही मराठीतून इंग्रजीत न्यायची. चित्र नाही, गोष्ट नाही, गाणे नाही. राजा, घोडा, माळी, आळशी मुलगा आणि परोपकारी गृहस्थ अशा मंडळींचाच त्यात वावर, असे जुने लोक हसून सांगत. परंतु या पुस्तकाला शिक्षक लागत नव्हता, हे त्याचे मोठेपण. कोकणातल्या किंवा खानदेशातल्या गावी, जिथे इंग्रजी येणारा माणूस एखादाच, तिथे कंदिलाच्या उजेडात एखादा मुलगा पहिला भाग संपवून दुसऱ्याला हात घालू शकत होता.

भाषांतराच्या या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मातृभाषा मध्ये आणू नये, असे तज्ज्ञ सांगू लागले. बोलण्यापुरते ते बरोबरच होते, कारण तर्खडकर पाठ केलेला माणूस स्टेशनवर तिकीट मागताना अडखळायचा! पण लिहिण्याच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. इंग्रजीत नामाआधी ‘ए’ की ‘द’ हे ठरवावे लागते, मराठीत तो प्रकारच नाही. ‘त्याने आंबा खाल्ला’ आणि ‘त्याने पोळी खाल्ली’ यांत मराठी क्रियापद आंब्याचे नि पोळीचे ऐकते, इंग्रजी ऐकत नाही. दोन्ही भाषा समोरासमोर ठेवल्या की हे फरक रोज बोटांना जाणवतात. मराठी वाक्य मोडून इंग्रजी जुळवताना विचार कुठे पक्का आहे आणि कुठे नुसता शब्दांचा फुगा आहे, तेही कळते. विद्यापीठातल्या लेखनाला याचाच उपयोग होतो.

तर्खडकरांच्या नंतर आले रेन आणि मार्टिन. १९३५ सालचे हे व्याकरण इंग्रजांचे असले तरी तेही मुंबईचेच अपत्य म्हणायला हवे, कारण ते मुंबईच्या कूपर प्रकाशनाने काढले. यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखक पी. सी. रेन, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले. वाळवंटातल्या फ्रेंच पलटणीची थरारक कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने आपल्या कित्येक पिढ्यांना क्रियाविशेषणे घोकायला लावली, हा योग मोठा मजेचा आहे.

आता या सगळ्याचा आपल्या बेटाशी संबंध काय? आहे, आणि चांगला घट्ट आहे. बहरीन आणि मुंबई यांच्यात समुद्र होता, पण अंतर असे वाटत नव्हते. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. मनामात १८८४ साली उघडलेले टपाल कार्यालय हिंदुस्थान सरकारचे होते. दिनार आला १९६५ साली, त्याआधी इथे रुपया चालत असे. १९३२ साली जबल दुखानला तेल लागले आणि बापकोच्या कचेऱ्यांना इंग्रजी जाणणारे कारकून, हिशेबनीस, टंकलेखक हवे झाले. मुंबई-आखात फेऱ्या करणारी ‘द्वारका’ बोट तर १९८२ पर्यंत चालू होती. त्या बोटींतून आलेल्या आपल्या आधीच्या पिढीच्या ट्रंकांत गोडा मसाला आणि पंचांग यांच्या सोबत एखादा शब्दकोश असणारच.

पण माणसे एकाच दिशेने ये-जा करत नव्हती. बहरीनचे थोर कवी इब्राहिम अल-अरय्यद यांचा जन्म १९०८ साली झाला तो मुंबईत! वडील मोत्यांचे व्यापारी, आई इराकी, ती लवकर वारली. हा मुलगा मुंबईत वाढला, उर्दू आणि इंग्रजीत शिकला. १९२० च्या दशकात तो बहरीनला परतला तेव्हा बापजाद्यांची अरबी भाषा त्याला जवळजवळ नव्याने कमवावी लागली. इथे आल्यावर त्यांनी मुहर्रकच्या हिदाया अल-खलिफिया शाळेत मुलांना शिकवले ते इंग्रजी. १९१९ साली सुरू झालेली ही बहरीनमधली पहिली आधुनिक सरकारी शाळा. पुढे ते तेल कंपनीत भाषांतराचे काम पाहू लागले, उमर खय्यामच्या रुबायांचे त्यांनी अरबी भाषांतर केले, आणि १९७२-७३ मध्ये देशाची राज्यघटना तयार करणाऱ्या सभेचे ते अध्यक्ष झाले. २००२ साली ते गेले. मनामातले त्यांचे घर आता काव्यगृह झाले आहे. ज्या मुंबईत ‘दर्पण’चे दोन रकाने छापले गेले, त्या मुंबईत वाढलेला एक मुलगा भाषांतराच्या बळावर परक्या झालेल्या मातृभाषेत कवी झाला. मुलांना घेऊन ते घर एकदा जरूर पाहावे.

आजच्या साधनांविषयी थोडे सांगतो. परदेशी विद्यार्थ्याची अडचण ओळखून लिहिलेला पहिला मोठा इंग्रजी कोश ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना तयार केला. तो १९४२ साली तिथेच निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने घेतला. नाम मोजता येते की नाही, क्रियापदामागून काय येते, ते त्यात सांगितलेले असते. टोफेल १९६४ चे, आयईएल्टीएस १९८९ चे. १९९० साली जॉन स्वेल्स यांनी संशोधनलेखाची प्रस्तावना कशी बांधली जाते ते उलगडून दाखवले. आधी या विषयात काय झाले आहे, मग काय राहिले आहे, मग मी काय करणार आहे. २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात सगळ्या विषयांत सारखे येणारे ५७० शब्दसमूह वेचून यादी केली. मँचेस्टर विद्यापीठाचा वाक्प्रयोगसंग्रह तर इंटरनेटवर फुकट आहे. दुसऱ्याचे मत कसे नोंदवावे, सावधपणे विधान कसे करावे, मर्यादा कशा सांगाव्या, याचे तयार साचे त्यात आहेत. ‘रॅपिडेक्स’ला शोधूनही न सापडणारी ही माहिती आज मुलाच्या खिशातल्या फोनवर आहे.

त्याच फोनवर आता भाषांतर करून देणारे, निबंध लिहून देणारे यंत्रही आहे. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही, आपण सगळेच वापरतो. फक्त रकाना झाकायच्या आधीच उत्तर समोर आले तर ताडून पाहण्यासारखे आपले काही उरत नाही, हे मुलांना सांगायला हवे. आधी आपले वाक्य लिहावे, मग यंत्राचे बघावे, आणि फरक वहीत टिपून ठेवावा. तर्खडकरांच्या विद्यार्थ्याने दुसरे काय केले?

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी. आपल्या मुलांपुढचा रकाना आता बदलला आहे. त्यांना इंग्रजी रकाना सहज येतो, अडते ते मराठी रकान्यापाशी. तेव्हा तीच पाठमाला उलट्या बाजूने चालवता येते. इंग्रजी वाक्ये घ्यायची आणि मराठी करायची. आमच्या ओळखीच्या एका घरात दोन भावंडे शुक्रवारी सकाळी आजीबरोबर दहा दहा वाक्ये अशी सोडवतात. माळ्याने घोड्याला पाणी ‘दिले’ की ‘पाजले’ यावरून वाद होतो आणि निकाल आजी देते. पाठमाला आजही छापील मिळते. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवला आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि देवनागरीत शब्द टाकून शोधता येतो.